बॅकलॉग

लाइपझिगच्या कचेरीला हवंय
की शलाका सोनटक्के हिला गाडी चालवता येते
असं पुण्याने लिहून द्यावं.
पुणे म्हणजे संगम पुलाजवळचं आरटीओ,
खिडकी नंबर अकरा,
आणि खिडकीतले धुमाळ,
जे वर न बघता म्हणाले,
"बाई, तुमची मुलगी कॉम्प्युटरवर नाही.
जुनं बुकलेट ना? बॅकलॉगमध्ये असेल."

असेल.
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
स्टोअरची रजिस्टरं सांभाळली मी.
वही हरवत नाही,
वही शोधणारा कंटाळतो.

बाहेर चिंचेखाली एकजण
स्टेपलर घेऊन बसलेला.
"ताई, सहाशेत करून देतो, परवा या."
मी म्हटलं, मला वेळ आहे.
पुण्यात असं कुणी म्हणत नाही.
तो जरा दचकलाच.

पहिल्या दिवशी लेकीचं पत्र चाललं नाही,
त्यावर सही निळ्यात होती.
दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला.
तिसऱ्या दिवशी, मंगळवारी,
धुमाळ स्वतः आत गेले आणि
शर्टाच्या बाहीला धूळ लावून परत आले.
दोन हजार तीन सालचा अर्ज,
कडा उंदरांनी वाचलेल्या.

फोटोत ती.
फ्लॅशला दचकलेले डोळे,
आणि हनुवटीवर बँडेज.

टेस्टच्या आदल्या संध्याकाळची पट्टी ती.
क्वार्टर्सच्या मागचा रस्ता, रविवार,
कायनेटिकचं कॅरियर धरून मागे धावणारी मी
"ब्रेक, ब्रेक" ओरडत,
आणि नेमका तिने मारला ब्रेक.
मातीवर रक्त, रक्तावर हळद,
आणि फुंकर घालताना
माझाच श्वास पुरत नव्हता.
मला स्वतःला गाडी येत नव्हती.
अजूनही येत नाही.
शिकवणारीला येत होती का,
हा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

धुमाळांनी फोटो बघितला, मग मला.
"लागलं होतं का हो?"
तीन दिवसांत त्यांनी विचारलेला
हा एकच प्रश्न, ज्याला
झेरॉक्स जोडावी लागली नाही.

पुढचं फोनवर कळत गेलं.
कागद पोचला, पटला,
तरी परीक्षा द्यावीच लागली.
एवढी वर्षं चालवून?
एवढी वर्षं चालवून.
तिकडे उजवीकडून जायचं,
हॉर्न म्हणजे शिवी,
आणि पहिल्यांदा तिला नापास केलं ते
वळताना मागे बघितलं नाही म्हणून.
"आरशात बघितलं होतं गं मी."
आरसा पुरत नाही म्हणे.
मान वळवावी लागते,
खांद्यावरून, पूर्ण,
परीक्षकाला दिसेल अशी.

आता झाली पास.
नवं कार्ड गुलाबीसर, चकचकीत,
फोटोत हसायला बंदी.
"आणि जुनं?"
"ठेवून घेतलं."
"परत कधी देणार?"
"देत नाहीत, आई. बदल्यात असतं ते."
"मग त्याचं काय करतात?"
पलीकडून एक ट्राम गेली.
"माहीत नाही. विचारलं नाही मी."

एखाद्या कपाटात असेल.
मला कपाटं माहीत आहेत.
तिथल्या कुणी सोनटक्केबाईने
नंबर घालून नीट लावलं असेल,
ते पिठाळ पानांचं बुकलेट,
त्यावर माझ्या दिवंगत नवऱ्याचं नाव,
क्वार्टर नंबर, पुणे तीन.
तो क्वार्टर पाडला.

त्या मंगळवारी
धुमाळांनी शिक्का मारला तो
जरा जास्तच जोरात.
"लगेच घडी घालू नका," म्हणाले,
"शाई ओली आहे."
मग मी उतारा दोन्ही हातांत आडवा धरून
रिक्षावाल्यांना नको नको म्हणत
पुलापर्यंत चालत आले,
त्यावर फुंकर घालत.